बोरघाटातले बोगदे

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबली, की वड्यांच्या वासाने डब्यातली पेंगुळलेली मंडळी जागी होतात. मागून जादा इंजिने लागतात आणि घाट सुरू होतो. मी मात्र हातात वडा असला तरी खिडकी सोडत नाही.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली १८५३ साली. पुढे सह्याद्री आडवा होता. घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी वर पोचली. पंधरा-सोळा मैलांत सुमारे अठराशे फूट चढण आणि पंचवीस बोगदे! खंडाळ्याजवळ तर रूळ वळवायलाही जागा नव्हती. तिथे एका टोकाचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडीत. ही कसरत १९२९ साली नव्या मार्गाने संपवली.

कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इकडे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिसने, दोन इंजिनियर हाताशी धरून कंत्राट तडीस नेले. तिचे नाव इतिहासात राहिले आणि ते योग्यच झाले. पण १८६१ साली याच घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. दोराला लोंबकळून त्यांनी कड्यांत सुरुंगांची भोके पाडली. पटकीने कितीतरी जण दगावले. त्यांची नावे कुणाला ठाऊक आहेत?

बोगदा आला, की डब्यातली पोरे आरोळ्या ठोकतात. खुशाल ठोकावीत! उजेड आल्यावर मी त्यांना एवढेच सांगतो, “बाळांनो, ही वाट माणसांनी हातात पहार घेऊन खोदली आहे.”