शेंकडा पंचाहत्तरांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत शेकडेवारीचा धडा चालला असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, जी लस सर्वच मुलांना तारीत नाहीं, तिच्यावर पैसा कां खर्चावा?" आफ्रिकेंतील बालकांना हिवतापाची लस टोचूं लागल्याची हकीकत मी वर्गांत नुकतीच सांगितली होती. घंटा झाली व उत्तर राहून गेलें. तें आज लिहीत आहें. त्याच्या वडिलांचें किराण्याचें दुकान असून ते हिशेबाला चोख आहेत; त्यांनींहि तें तपासावें.

हिवतापाची ओळख मला पुस्तकांतून झालेली नाहीं. मी आठ वर्षांचा असतांना एका भाद्रपदांत मला दिवसाआड दुपारीं हुडहुडी भरे. आई घरांतील सर्व गोधड्या अंगावर घाली, तरी दांतांवर दांत आपटत. औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळालें. पण मला पाठीवर घेऊन जाण्यांत वडिलांची सहा दिवसांची मजुरी बुडाली, आणि त्या महिन्याची माझी फी थकली. फुकट औषधालाहि किंमत पडते, हें मला तेव्हां कळलें.

आफ्रिकेंत ही किंमत प्राणांनीं द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं जगांत हिवतापानें सुमारें ५ लक्ष ९७ हजार माणसें मेलीं. त्यांत शेंकडा ९५ आफ्रिकेंतील, व त्यांतहि चारांत तीन पांच वर्षांखालील बालकें. या रोगावर लस करणें फार अवघड गेलें, कारण त्याचा परोपजीवी मोठा बहुरूपी आहे. डासाच्या सोंडेंतून तो आपल्या अंगांत शिरतो, थोड्याच वेळांत यकृतांत दडतो, आणि तेथून निराळें सोंग घेऊन रक्तांत उतरतो. लसीला त्याला पहिल्याच सोंगांत, यकृताच्या वाटेवर, गांठावें लागतें.

पहिली लस २०१९ पासून मलावी, घाना व केनिया या देशांत वीस लक्षांवर बालकांना दिली गेली. जेथें ती दिली तेथें लसीच्या वयाच्या बालकांचे मृत्यू, अपघात सोडून कोणत्याहि कारणाचे असोत, शेंकडा १३ नें घटले. दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठ व आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांनीं मिळून सिद्ध केली. ऑक्टोबर २०२३ मध्यें तिची शिफारस झाली, तेव्हां एका मात्रेची किंमत २ ते ४ डॉलर होती. जेथें ताप पावसाळी असतो, तेथें हंगामापूर्वीं तीन मात्रा दिल्यावर वर्षभरांत आजारपणें शेंकडा ७५ नें कमी झालीं.

आतां पाटी घ्यावी. समजा, एका गांवीं शंभर बालकें आहेत आणि त्यांना मिळून वर्षांत दोनशें वेळां हा ताप येतो. लसीनें दीडशें आजारपणें टळतील. मात्रेस ३ डॉलर धरून चार मात्रांचे शंभर मुलांस १२०० डॉलर. भागाकार केला तर एका आजारपणास ८ डॉलर. परिचारिकेचा पगार व शीतपेटी यांत धरलेली नाहीं. पण चौथी मात्रा वर्षानंतरची असून तिचा पुढचा लाभहि धरलेला नाहीं. वांचलेला जीव तर मी कोणत्याच रकान्यांत मांडलेला नाहीं. मच्छरदाण्या वापरांत असतांनाच हे आंकडे मिळाले आहेत. त्या काढून घेतल्यास हिशेब मोडेल.

पुण्याची लस मग आपल्या मुलांना कां नाहीं, असें पालक विचारतील. ती फॅल्सिपेरम जातीच्या परोपजीवीवर आहे, व आफ्रिकेंतील बालमृत्यु मुख्यतः त्याच्या माथीं आहेत. मला दिवसाआड छळणारा बहुधा व्हायव्हॅक्स असावा. त्यावर ती चालत नाहीं.

एक रक्कम मात्र मला कशी धरावी तें सुचलें नाहीं. चौथ्या मात्रेसाठीं त्या गांवची आई रोज बुडवून, मूल पाठीशीं बांधून पुन्हा केंद्रापर्यंत चालत येते. तीन मात्रा झाल्या, मूल बरें दिसतें, तरीहि येते. त्या दिवसाचा आंकडा कोणत्या बाजूस लिहावा, हें माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं कळविल्यास मी आभारी होईन.