विजय हजारे व त्यांचे बंधु

आमच्या उमरखेडास सायंकाळीं मैदानावर क्रिकेट रंगतें, तेव्हां प्रत्येक मुलास फलंदाजी हवी असते. दुसऱ्या टोकास नुसतें उभें राहणें कोणासच रुचत नाहीं. अशा मुलांस आम्ही विजय हजारे यांची हकीकत सांगतों. सांगलीच्या एका ख्रिस्ती शिक्षकाचे हे चिरंजीव. जन्म १९१५ चा. (शिक्षकांचीं मुलेंही नांव काढतात, हें पालकांनीं ध्यानीं घ्यावें!)

१९४३ च्या डिसेंबरांत मुंबईस पंचरंगी सामन्यांच्या अंतिम झुंजींत हिंदु संघानें पांच गडी गमावून ५८१ धावांवर डाव सोडला. हजारे बंधूंचा ‘रेस्ट’ संघ १३३ धावांत गडगडला व त्यास लागलीच पुन्हां खेळावें लागलें. या दुसऱ्या डावांतील ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या विजयरावांच्या! परंतु आमचें मन त्यांचे बंधु विवेक यांच्यापाशीं रेंगाळतें. दोघा भावांनीं मिळून ३०० धावांची भर घातली. तींत विवेकरावांचा वांटा अवघा २१. ते पाय रोवून उभे राहिले, म्हणूनच विजयरावांस खेळतां आलें. सामना मात्र एक डाव व ६१ धावांनीं गेला.

पुढें १९४८ सालीं विजयरावांनीं अ‍ॅडलेड येथें कसोटीच्या दोन्ही डावांत शतकें झळकाविलीं. १९५२ सालीं मद्रासेस त्यांच्याच नेतृत्वाखालीं भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला. विवेकराव कसोटी सामन्यांत कधीं खेळलेच नाहींत.