बुडख्याची गोडी

वरळीतील एखाद्या घरी ६० मिलिलिटर रम, अर्ध्या लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि बर्फ एकत्र घुसळून जे कॉकटेल, म्हणजे मद्य आणि इतर रसांचे मिश्रण, तयार होते, त्यातील लिंबू आणि पाणी वगळले तर उरलेले जवळजवळ सारे उसाचेच असते. साखर कारखान्यात रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जो काळा, दाट द्रव उरतो त्याला मळी म्हणतात. ती पाणी व यीस्ट घालून आंबवली आणि तिचे ऊर्ध्वपातन केले, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड केली, की मद्यार्क मिळतो, आणि भारतातील बहुतेक रम याच मद्यार्काची असते. कारखान्याने एकमेकींपासून दूर केलेली साखर आणि मळी घरच्या पेल्यात पुन्हा एकत्र येतात, असे म्हणण्याचा मोह त्यामुळे होतो.

हिशेब मात्र या म्हणण्याला साथ देत नाही. एक टन उसातून साधारण शंभर किलोंहून थोडी अधिक साखर आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते, व तेवढ्या मळीपासून सुमारे १० लिटर मद्यार्क होतो, म्हणजे ४२.८ टक्के तीव्रतेच्या ६० मिलिलिटर रमच्या पाठीशी अडीच किलो ऊस उभा असतो. त्याच अडीच किलोंतून अडीचशे ग्रॅमच्या वर साखर निघालेली असते, आणि पेल्यात तिच्यातली फार तर पंधरा ग्रॅम परत येते. ब्राझीलमधील कशासा हे मद्य मळीऐवजी उसाच्या ताज्या रसापासूनच करतात. परंतु ताजा रस काही तासांत बिघडू लागत असल्याने तशी भट्टी फडाजवळच, म्हणजे उसाच्या शेताजवळच, असावी लागते, तर मळी टाक्यांत साठवून, वाहून नेऊन, हंगाम संपल्यावरही वापरता येते. शहरातील पेल्याला मळीच सोयीची ठरली यात नवल नाही.

‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ ही म्हण अशा पेल्याविषयी सहज आठवते, कारण लिंबू आणि साखर मद्याचा तिखटपणा झाकतात आणि पिणाऱ्याला मात्रेचा अंदाज उशिरा येतो. एवढ्यावर म्हण सोडून देता आली असती. परंतु ऊस ठाऊक असलेल्या माणसाला हेही ठाऊक असते की पक्व उसाचा बुडखा, म्हणजे जमिनीलगतचा भाग, सर्वांत गोड असतो आणि शेंड्याकडे गोडी उतरत जाते. तेव्हा म्हण ज्या दिशेने जाऊ नये म्हणते त्याच दिशेला गोडी वाढत असते. तिचा निषेध मुळाच्या बेचवपणासाठी आहे, की मूळ जमिनीत राहिले तरच खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून फुटणारे पुढचे पीक, येतो म्हणून आहे? दुसरा अर्थ अधिक खोल वाटतो, पण म्हण रचणाऱ्याच्या मनात तो होता असे कशावरून म्हणावे?

शिवाय चांगली तोड जमिनीलगतच झाली पाहिजे, असे कृषितज्ज्ञही सांगतात, कारण उंच तोडल्यास गोड कांडी शेतातच राहतात आणि खोडव्याचे फुटवेही जमिनीच्या वरच्या डोळ्यांतून कमजोर येतात. ही जमिनीलगतची तोड बीडसारख्या जिल्ह्यांतून दर हंगामात स्थलांतर करणारी ऊसतोड कुटुंबे करतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तेथे ‘कोयता’ म्हणतात, आणि ती जोडी मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन महिनोन्‌महिने फडात राबते. बुडख्यापर्यंत पोहोचायचे तर प्रत्येक उसासाठी कंबरेतून पूर्ण वाकावे लागते. म्हणीत ऊस आहे, खाणारा आहे, मूळ आहे. हे वाकणे तिच्यात कोठेही नाही, आणि एकदा ते लक्षात आले की पेल्याविषयीचा विचार पेल्यापाशी परत यायला तयार होत नाही.

म्हणीप्रमाणे कायद्याची नजरही खाणाऱ्यावरच खिळलेली दिसते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना मागितला आणि तो महाराष्ट्रात अजूनही लागतो. रमसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. कडक बंदीच्या काळात मुंबईत गूळ आणि नवसागर यांपासून हातभट्टीची दारू गाळली जात होती, म्हणजे तेव्हाही ऊस शहराच्या पेल्यातून हटला नव्हता, फक्त तो अधिक धोकादायक वाटेने आला होता.

घरी मिश्रण करणाऱ्याने साखर कमी केली तर मद्य जिभेला जाणवू लागते आणि पिणे मंदावू शकते. त्यामुळे मुळाशी काही शिल्लक राहते का, हे पेल्याकडून तपासावे की फडाकडून, हेच आधी ठरवावे लागेल; आणि पेला ज्याच्या हातात आहे त्याला ते ठरवता येईल, याविषयी म्हणीचा इतका पाठलाग केल्यावर शंका वाढलेलीच आहे.