एकाच आवारातील दोन पत्ते

एका चुकीची कबुली देण्यासाठी आज आम्ही लेखणी हाती घेतली आहे. ती चूक यंत्राची की आमची, हे लेखाच्या अखेरीस आपणच ठरवावे.

नागपुरास आगगाडी १८६७ साली पोहोचली. पुढे रेल्वेच्या नोकरीनिमित्त दूरदूरची ख्रिस्ती कुटुंबे या शहरात आली, आणि त्यांतील कित्येकजण आज येथील मातीत विसावले आहेत. त्यांची नातवंडे आजोबांची कबर शोधीत आमच्या धर्मग्रामात येतात. अशाच एका गृहस्थास गतवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही छापील यादीवरून एक कबर दाखविली. त्यांनी फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या, डोळे पुसले आणि ते परगावी निघून गेले. पावसाळ्यात आम्हांस कळले, की ती कबर त्यांच्या आजोबांची नव्हतीच.

त्याचे असे झाले. आमच्याकडे दोन जुने संगणक आहेत. एक कार्यालयात, दुसरा अंगणापलीकडे आमच्या निवासात. एकात विंडोज ७, दुसऱ्यात विंडोज १०. पहिल्याची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, दुसऱ्याची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. थोडक्यात, दोघेही आमच्यासारखेच उतारवयाचे! दफनभूमीची यादी पेनड्राइव्हवरून इकडून तिकडे नेण्याची आमची पद्धत होती. लेखनिक काकांनी जुन्या नोंदवहीशी ताडून कार्यालयातील यादीत दुरुस्ती केली. आम्ही मात्र निवासातील शिळी यादी छापली. काकांना एका शब्दाने विचारले असते तरी भागले असते.

यादी यापुढे एकच असावी, ती कार्यालयात राहावी आणि आम्ही ती निवासातून उघडावी, असे ठरले. पण निवासातील संगणकास कार्यालयातील संगणक काही केल्या दिसेना. नवल म्हणजे इंटरनेट दोन्हीकडे सुरळीत! रोमचे वृत्त क्षणात वाचता येई, अंगणापलीकडचा कागद मात्र दिसत नसे. आम्ही तारा हलविल्या, यंत्रे बंद-चालू केली, एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या. परिणामी गोंधळ तेवढा वाढला.

अखेर धर्मग्रामातील अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मदतीस आला. तो म्हणाला, “फादर, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तार, मग पत्ता, मग परवानगी.” तारेचे दिवे लुकलुकत होते, म्हणजे ती शाबूत होती. मग त्याने दोन्ही संगणकांचे पत्ते कागदावर लिहिले. निवासाचा १९२.१६८.१.५ आणि कार्यालयाचा १९२.१६८.०.२.

आम्हांस त्यात वावगे दिसेना. तेव्हा पिनकोड आठवला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ती पद्धत केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ४४० हे आकडे पाहताच टपाल नागपूरकडचे, हे कळते. संगणकाच्या पत्त्याचेही तसेच. आमच्यासारख्या घरगुती जाळ्यात पहिले तीन आकडे वस्ती सांगतात, शेवटचा घर. आमचे दोन संगणक एका आवारात राहूनही दोन वस्त्यांचे रहिवासी होते.

कारणही सापडले. वायफाय कार्यालयापर्यंत पोहोचत नसे, म्हणून आम्हीच पूर्वी बर्डीवरून दुसरा राऊटर आणून जोडला होता. निवासातून आलेली तार आम्ही त्याच्या वॅन पोर्टात खोचली. त्यामुळे त्याने स्वतःस स्वतंत्र घरमालक समजून आपले पत्ते वाटावयास आरंभ केला. आतल्यांस तो बाहेर जाऊ देई, बाहेरच्यास आत येऊ देत नसे. मुलाने त्या राऊटरला पहिल्या वस्तीतला मोकळा पत्ता दिला, त्याचे पत्तेवाटप बंद केले आणि तार लॅन पोर्टात लावली. आता दोघे एका वस्तीत आले.

तरीही हाकेला उत्तर नव्हते. ही हाक म्हणजे ‘पिंग’. माईक म्यूस नामक अमेरिकन तज्ज्ञाने १९८३ साली रचलेला छोटासा प्रोग्रॅम. पाणबुडीच्या शोधात ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्या आवाजावरून हे नाव आले. आमचा जुना संगणक मूग गिळून बसला होता, कारण नवे जाळे पाहून त्याने विचारलेल्या प्रश्नास आम्ही घाईत ‘सार्वजनिक’ असे उत्तर दिले होते. जणू तो रेल्वे स्थानकावर अनोळखी गर्दीत बसला होता. तेथे ‘कार्यालय’ निवडताच प्रतिध्वनी आला. शेवटची अडचण संकेतशब्दाची. कार्यालयातील संगणकास आम्ही संकेतशब्दच ठेवला नव्हता, आणि अशा खात्यास विंडोज दुसऱ्या यंत्रावरून प्रवेश देत नाही. तो ठेवला आणि यादी उघडली.

त्यानंतर तीन संध्याकाळी काका मूळ नोंदवही वाचीत व आम्ही पडद्यावर ताडून पाहत होतो. आमच्या शिळ्या यादीत सतरा नोंदी चुकीच्या निघाल्या. ती आम्ही पुसून टाकली. जाळे झाले म्हणजे यादी सुरक्षित झाली असे नव्हे, म्हणून तिची एक प्रत दर महिन्यास कपाटात ठेवतो. आणि मतभेद झाल्यास निवाडा त्या पिवळ्या पानांच्या वहीचाच.

त्या गृहस्थांस आम्ही क्षमायाचनेचे पत्र धाडले. ते यंदा २ नोव्हेंबरला पुन्हा आले. आम्ही त्यांस योग्य कबरीपाशी नेले. बराच वेळ ते उभे राहिले; रागाचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. परतताना मात्र थांबून त्यांनी विचारले, “फादर, गेल्या वर्षी मी फुलं वाहिली, ते कोण होते?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही कार्यालयात गेलो. काकांनी यादी उघडून नाव वाचून दाखविले. तेही रेल्वेचेच नोकर. त्यांच्या मागे विचारपूस करणारे कोणी उरल्याची नोंद नव्हती. गृहस्थांनी उरलेली मेणबत्ती उचलली आणि ते पुन्हा दफनभूमीकडे वळले. या वेळी वाट दाखविण्यास काका त्यांच्यासोबत गेले.