लुब्लिनचा शेजार

पोलंड देशाचे नाव आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ती मंडळी पोलंडच्या पूर्वभागातील. सप्टेंबर १९३९ मध्ये तो भाग सोव्हिएट रशियाने घेतला आणि तेथील लाखो लोकांना सैबेरियात व कझाकस्तानात कष्टाला नेऊन टाकले. त्यांतून सुटलेले हे लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले होते. पण देशाचा दुसरा भाग जर्मनांच्या हाती पडला होता. तेथे राहिलेल्यांवर काय प्रसंग गुदरला, हे एकाच गावी पाहावयाचे असेल तर लुब्लिन पाहावे, असे आम्हांस सांगण्यात आले. त्याप्रमाणे आम्ही गेलो.

लुब्लिन हे वॉर्साच्या आग्नेयेस वसलेले जुने, टुमदार शहर आहे. टेकडीवर जुनी पेठ आणि तिच्यासमोर किल्ला. किल्ल्यातील प्रार्थनामंदिराच्या भिंती १४१८ साली पुऱ्या झालेल्या चित्रांनी नखशिखांत भरलेल्या आहेत. संतांचे ते शांत चेहरे पाहून मन प्रसन्न होते. परंतु याच वास्तूत जर्मन अमलात तुरुंग होता. त्या पाच वर्षांत सुमारे चाळीस हजार माणसे या कोठड्यांतून गेली, आणि २२ जुलै १९४४ रोजी, शहर सोडून जाता जाता, जर्मनांनी आत उरलेल्यांपैकी सुमारे तीनशे कैद्यांना ठार केले.

किल्ल्याच्या पायथ्याशी आता मोकळे मैदान आहे. परक्या प्रवाशास ते मुद्दाम राखलेले पटांगण वाटावे. वास्तविक येथे दाट वस्तीची ज्यू पेठ होती. युद्धापूर्वी लुब्लिनमध्ये सुमारे ४३ हजार ज्यू राहत, म्हणजे गावात तिघांत एक. मार्च १९४१ मध्ये त्यांना ठराविक गल्ल्यांत कोंडण्यात आले. पुढच्याच वर्षी मार्च-एप्रिलात त्यांपैकी पंचवीस हजारांहून अधिक लोकांना आगगाडीच्या बंद डब्यांतून बेल्झेत्स येथे नेले. बेल्झेत्सला कोणी कामाला नेत नसत. विषारी वायूने मारणे एवढाच त्या छावणीचा उद्योग होता. माणसे गेल्यावर घरेही पाडली. त्या पेठेतील रस्त्यावरचा एक दिवा मात्र शिल्लक राहिला आहे. तो आता रात्रंदिवस तेवत ठेवतात. आम्ही भर दुपारी गेलो होतो, तरी तो जळत होता.

ज्यांच्या हातांत कसब होते त्यांना काही काळ जीवदान मिळाले. गावातच, लिपोवा नावाच्या रस्त्यावर, श्रमछावणी होती. शिंपी, चांभार, सुतार आणि पोलिश सैन्यातील ज्यू युद्धकैदी तेथे जर्मनांसाठी राबत. आपले काम चोख असले तर आपण वाचू, ही त्यांची आशा. ३ नोव्हेंबर १९४३ रोजी त्यांना शहराबाहेरच्या रस्त्याने मायदानेककडे चालवीत नेले.

मायदानेक शहराच्या मध्यापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. आम्हांस वाटले होते, अशी जागा दूर एखाद्या अरण्यात, लोकांच्या नजरेआड असेल. ती हमरस्त्याला लागून आहे. तारांचे कुंपण, पहाऱ्याचे मनोरे, लाकडी बराकींच्या रांगा आणि पलीकडे शहरातील घरांची छपरे, हे सर्व एका दृष्टिक्षेपात येते. जुलै १९४४ मध्ये रशियन सैन्य इतक्या वेगाने आले की जर्मनांना हे सारे नष्ट करण्यास अवधी मिळाला नाही. त्यामुळे विषारी वायूच्या कोठड्या आजही उभ्या आहेत. एका बराकीत मृतांच्या पादत्राणांचे ढीग आहेत. त्यांतील एवढालीशी लहान मुलांची पायताणे पाहिल्यावर आम्हां कोणाच्याच तोंडून शब्द निघेना. येथे सुमारे ७८ हजार माणसे मेली, त्यांपैकी ५९ हजार ज्यू होते. नोव्हेंबरच्या त्या एका दिवसात अठरा हजारांना खंदकांपाशी नेऊन गोळ्या घातल्या, आणि गोळ्यांचा आवाज झाकण्यासाठी ध्वनिक्षेपकांवर संगीत लावले होते. पुढे प्रेते जाळली, तेव्हा धूर शहरावर येत असे.

मग शेजाऱ्यांनी काय केले? हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. पुष्कळांनी खिडक्या लावून घेतल्या असतील. भीती होतीच, कारण ज्यूंना आसरा देणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. पण सर्वांनीच तसे केले नाही. १९४३ पासून पोलिश रेडक्रॉस व साहाय्य समितीची माणसे, मुख्यतः पोलिश कैद्यांसाठी, पाव आणि सूप छावणीत पोचवू लागली. त्याबरोबर चोरून चिठ्ठ्याही जात-येत. त्याच वर्षी छावणी सुशोभित करण्याचा हुकूम झाला, तेव्हा आल्बिन बोन्येत्स्की या कैदी शिल्पकाराने तीन गरुडांचा स्तंभ उभारला आणि त्याखाली मृत सोबत्यांची रक्षा गुपचूप ठेवली. पहारेकऱ्यांस ती शोभा वाटली; कैद्यांना ते स्मारक होते. आज तेथे त्याची प्रतिकृती आहे.

शहरात परतल्यावर हेनिओ झितोमिर्स्की या मुलाची हकीकत कळली. १९३३ साली जन्मलेला हा ज्यू मुलगा १ सप्टेंबर १९३९ रोजी प्रथमच शाळेत जावयाचा होता. त्याच दिवशी युद्ध पेटले. त्या जुलैत बँकेच्या दारात काढलेले त्याचे हसरे छायाचित्र हेच अखेरचे. नऊ वर्षांचा असताना मायदानेकला त्याचा अंत झाला. आता दरवर्षी १९ एप्रिलला लुब्लिनची शाळकरी मुले त्याला त्याच्या जुन्या पत्त्यावर पत्रे लिहितात. पत्ता सापडत नाही म्हणून टपालखाते ती परत करते.

प्रथम आम्हांस हा खेळ वाटला. मग ध्यानी आले, की ७८ हजार हा आकडा कोणत्याही मुलाच्या मनात मावणार नाही. पण आपल्याच गल्लीतला, आपल्याच वयाचा एक मुलगा मावतो. आपल्या वाड्यांतून वाढणाऱ्या मुलांना शेजारधर्म निराळा शिकवावा लागत नाही, असे आपण समजतो. लुब्लिनच्या शिक्षकांना तसे वाटत नाही. शेजारचे घर रिकामे झाले, तर तेथे कोण राहत होते हे नावानिशी ठाऊक असावे, एवढा धडा ते मुलांच्या हातून दरवर्षी गिरवून घेतात.