अग्राही, विषमग्राही

पार्लरमध्ये दोऱ्याने आयब्रो करून आले की माझ्या भुवयांखाली दोन दिवस लाल पुटकुळ्या राहायच्या. म्हणून यंदा घरीच चिमट्याने चार केस काढायचे ठरवलं आणि आमच्या काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतून चौकाकडे निघाले. दुकानदाराने काचेवर सात-आठ ‘प्लकर’ मांडले: तिरप्या तोंडाचे, सुईसारख्या टोकाचे, सरळ चपटे, एक तर कात्रीसारख्या मुठीचा. ‘बिटिया, कौन सा दें?’ मला चिमटा म्हणजे फुलके भाजायचा तेवढाच ठाऊक. गोंधळून गुलाबी रंगाचा, दिसायला सुबक असा उचलला.

आमच्या घरात ऊन फक्त गच्चीवर येतं. तिथे आरसा घेऊन बसले. पहिला केस टोकांतून निसटला, दुसराही निसटला, तिसरा मधेच तुटला. मग जोर लावला तर कातडीच चिमटली आणि रक्ताचा ठिपका आला. दोन दिवसांनी तुटलेल्या केसाच्या जागी पुटकुळी उठली. दोरा सोडून मी काय मिळवलं, ते कळेना.

आजीने तो चिमटा हातात घेतला, मिटला आणि उन्हासमोर धरला. टोकं एका कडेला टेकत होती, दुसरीकडे उजेडाची बारीक रेघ दिसत होती. ‘अगं, हा पकडणार कसा?’ तिच्या पितळी कडीत कानकोरणं, दातकोरणं आणि काटे काढायचा चिमटा आहे. तो मिटला की टोकांत काही म्हणता काही दिसत नाही.

आमचे काका हिंदू विश्वविद्यालयात आयुर्वेद शिकलेले. त्यांनी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय उघडून दिला. सुश्रुतांचे गुरू काशिराज दिवोदास धन्वंतरी, म्हणजे आमच्याच गावचे. शल्य, म्हणजे अंगात रुतलेली वस्तू, काढण्याच्या चिमट्याला तिथे संदंश म्हटलं आहे, लांबी सोळा अंगुळं. वाग्भटांनी अष्टांगहृदयात आणखी एक सांगितला आहे, सहा अंगुळांचा, बारीक शल्य आणि डोळ्यात टोचणारे पापणीचे केस काढायला. सहा अंगुळं म्हणजे साधारण अकरा सेंटिमीटर. बाजारातला प्लकर त्याहून जेमतेम बोटभर कमी. पण मी थबकले ते सुश्रुतसंहितेतल्या यंत्रांच्या, म्हणजे अवजारांच्या, बारा दोषांच्या यादीपाशी. त्यात अग्राही, म्हणजे न पकडणारं. विषमग्राही, म्हणजे वाकडंतिकडं पकडणारं. शिथिल, वक्र, मृदुमुख, म्हणजे तोंड मऊ असलेलं. माझ्या गुलाबी चिमट्याचे निदान दोन दोष तिथे नावानिशी लिहिलेले होते. इतक्या जुन्या काळी कुणीतरी हे हाताने तपासून पाहिलं असणार, या विचाराने मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले. या वेळी स्टेनलेस स्टीलचे, तिरप्या तोंडाचेच मागितले. तिरपी धार भुवईच्या हाडाच्या उतारावर नीट बसते आणि एकच केस वेगळा धरता येतो. सुईसारखं टोक कातडीखाली अडकलेल्या केसासाठी असतं. शिकाऊ हातात ते डोळ्याजवळ नकोच. प्रत्येक चिमटा उजेडासमोर मिटून पाहिला, मग मनगटावरची एक लव ओढून पाहिली. दोन चिमटे घट्ट होते, अंगठा दुखला. एक सैल होता. पाचव्याची टोकं मात्र दोन्ही कडांना नीट टेकली.

आता आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना बसते. टोकं स्पिरिटने पुसते, एका बोटाने कातडी ताणते, केस मुळाशी धरते आणि उगवतो त्याच दिशेने ओढते. भुवईच्या मुख्य रेघेला हात लावत नाही, कारण तेच केस पुन्हा पुन्हा उपटले तर काही परत येत नाहीत. गेल्या तीन महिन्यांत पुटकुळी उठलेली नाही.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा रंग आणि डबी बाजूला ठेवा. दुकानातच चिमटा मिटून उजेडासमोर धरा, आणि टोकांत फट दिसली तर तो परत द्या.