रथातली रिकामी जागा



मनन: प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०, लूक १४:७-१४

गेले काही महिने आमच्या घरात एकाच प्रश्नावर बोलणं चाललं होतं. नवी गाडी घ्यायची, ती पाच आसनांची, सहांची की सातांची? प्रश्न अगदी संसारी आहे. पण कोण कुठे बसणार हे ठरवायला लागलो, तसं पवित्र शास्त्र आमच्यापुढे पुन्हा पुन्हा उघडत गेलं. म्हणून हा विषय आज मननासाठी घेत आहोत.

घरात आम्ही पाच जण. आम्ही दोघं, आई म्हणजे मुलांची आजी, चौदा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. जुनी पेट्रोलची छोटी गाडी बारा वर्षं इमानाने चालली. नवी गाडी विजेची घ्यायची हे लवकर ठरलं, कारण आमचं बहुतेक फिरणं जवळचंच असतं. नारायणगुड्याहून काचीगुडा, बरकतपुरा, हिमायतनगर, शाळा, दवाखाना आणि रविवारी उपासना. शिवाय तेलंगणा सरकारने नोव्हेंबर २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत विजेच्या गाड्यांचा रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क पूर्ण माफ केलं आहे, आणि अशा गाड्यांवर जीएसटीही ५ टक्केच आहे. अपार्टमेंटच्या सेलरमध्ये १५ अँपिअरचा प्लग बसवायला सोसायटीने परवानगी दिली. हप्ता किती झेपेल ते आधी मांडलं आणि दशमांशाला हात लावायचा नाही, हेही ठरवून टाकलं.

मग आला आसनांचा प्रश्न. टाटा हॅरियर ईव्ही पाच जणांची. महिंद्राची नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली एक्सईव्ही ९एस सात जणांची. बीवायडीची ईमॅक्स ७ सहांची आणि सातांची, अशा दोन्ही प्रकारांत मिळते. घरच्या पाच जणांना पाच आसनं पुरतात, हिशेब तिथेच संपायला हवा होता. पण रविवारी आम्ही पाच नसतो.

आमच्या मंडळीत एक काका आहेत. हातात काठी, गुडघे पार झिजलेले. नारायणगुड्याला फेब्रुवारी २०२० पासून मेट्रोचं स्टेशन आहे, त्यात लिफ्टही आहे. पण घरापासून स्टेशनपर्यंत आणि तिथून चर्चपर्यंतचं चालणं काकांना जमत नाही. आणि एक मावशी आहेत. पाय धडधाकट, पण एकट्या राहतात आणि तुटपुंज्या पेन्शनवर भागवतात. दर रविवारी जायला-यायला ऑटो करणं त्यांना परवडत नाही. आम्ही आधी काकांना आणि मावशींना चर्चला सोडायचो, मग घरच्यांसाठी दुसरी फेरी मारायचो. जवळपास दोन महिने मावशी उपासनेला आल्या नाहीत. विचारायला गेलो तर म्हणाल्या, "माझ्यापायी तुमचे दोन-दोन हेलपाटे होतात. मी घरीच प्रार्थना करते." 

हे ऐकल्यावर सहा की सात, हा प्रश्न आमच्यासाठी नुसता गाडीचा राहिला नाही.

सहा आसनांच्या रचनेत मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असतात. दोन्ही बाजूंना हात टेकायला मिळतो, त्यामुळे आईंसारख्यांना उठता-बसताना बरं पडतं. दोन खुर्च्यांमधून वाट असते, म्हणून मागे जायला कोणाला उठवावं लागत नाही. सात आसनांत तिथे सलग बाक येतो. मागे जायचं तर बाकाचा एक भाग दुमडावा लागतो, आणि त्याच बाजूला लहान मुलाची खुर्ची पट्ट्याने बांधलेली असेल तर ती वाट बंद. तिसऱ्या रांगेची अडचण तर दोन्हींत सारखीच आहे. विजेच्या गाडीत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे तळ थोडा उंच येतो, मागे बसणाऱ्याचे गुडघे वर उचलले जातात आणि मांडीला आधार मिळत नाही. सामानाचंही तसंच. ईमॅक्स ७ मध्ये सगळी आसनं उभी ठेवली तर मागे साधारण १८० लिटरचीच जागा उरते. हार्मोनियम ठेवली की संपली.

आमचा मुलगा म्हणाला, "सहांचीच घेऊ. मावशींसाठी एक फेरी जास्त मारू." म्हणणं वावगं नव्हतं. एका माणसासाठी रोजची सोय का सोडायची? पण मावशी नेमक्या त्या जास्तीच्या फेरीलाच अवघडल्या होत्या. वेगळी फेरी म्हणजे उपकार. सगळ्यांबरोबर एका फेरीत जाणं म्हणजे घरचं माणूस.

त्या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेत प्रेषितांची कृत्ये आठवा अध्याय आला. कूश देशाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेहून परत निघाला आहे. रस्ता ओसाड. तो रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचतो आहे, पण अर्थ लागत नाही. फिलिप्प धावत रथाजवळ येतो आणि वाचताय ते समजतं का, असं विचारतो. तेव्हा हा मोठा अधिकारी त्या अनोळखी पादचाऱ्याला वर येऊन आपल्याजवळ बसायची विनंती करतो. ही गोष्ट आपण बाप्तिस्म्यासाठी लक्षात ठेवतो. पण त्या रथात जागा नसती, किंवा असूनही त्याने ती दिली नसती, तर? सुवार्ता त्याच्यापर्यंत आली ती त्याने देऊ केलेल्या जागेवर बसून.

लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बसण्याच्या जागांविषयीच बोलतो. परूश्याच्या घरी पाहुणे मानाच्या जागा निवडताना त्याला दिसतात. तो म्हणतो, शेवटल्या जागी जाऊन बसा. आणि लगेच यजमानाला सांगतो, ज्यांना परतफेड करता येत नाही, अशा गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलव. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही तेच विचारतो: सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायांपाशी, असं तुमच्या सभेत होतं का? म्हणजे कोणाला कुठे बसवतो, यावरून आपण त्याला काय समजतो ते कळतं.

मग आम्ही आईंना, काकांना आणि मावशींना घेऊन शोरूमला गेलो. प्रत्येक आसनावर प्रत्येकाला बसवून पाहिलं. विक्रेत्या मुलाने कौतुकाने सगळं करू दिलं. आई मधल्या रांगेपेक्षा पुढे, चालकाशेजारी सहज बसल्या. तिथे चढताना धरायला कडी आहे आणि पाय पसरता येतात. काकांना डावीकडच्या दारालगत बरं वाटलं, काठी बाजूला ठेवता येते. लेकीची खुर्ची उजवीकडच्या खिडकीशी. मावशी मध्ये. एरवी बाकावरची मधली जागा म्हणजे शिक्षाच, कारण अनेक गाड्यांत पायांमध्ये उंचवटा येतो. आम्ही पाहिलेल्या विजेच्या गाडीत तळ सपाट होता. मावशी बसल्या, पाय नीट टेकवले आणि म्हणाल्या, "इथे चांगलं आहे गं." 

उरली शेवटची रांग. ती आमच्यातला जो गाडी चालवत नाही त्याची आणि मुलाची. तरण्या गुडघ्यांना अर्ध्या तासाची अडचण सोसते. चढायचा क्रमही ठरला: मागच्या रांगेतल्यांनी आधी चढायचं, मग मावशी, शेवटी काका. शेवटले ते पहिले, हे वचन आमच्या सेलरमध्ये दर रविवारी असं पाळलं जातं, असं मुलगा हसत सांगतो. हार्मोनियम त्याच्या मांडीवर असते.

सात आसनं म्हणजे सात पट्टे आणि सातच माणसं, हाही नियम केला. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. आठव्याला प्रेमाने दाटीवाटीत कोंबणं ही सेवा नव्हे. आठव्यासाठी दुसऱ्या कुटुंबाची गाडी शोधावी.

गाडी घरी येऊन पाच रविवार झाले. मावशी पाचही रविवारी आल्या. त्यांचं माहेर जालन्याचं. मधल्या जागेवरून त्या लेकीला गोष्टी सांगतात: जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि तिथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. १९५६ पर्यंत जालना आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, हे आमच्या मुलाला शाळेच्या पुस्तकातून कळलं होतं. पण आपली मराठी ख्रिस्ती माणसं इथे कशी आली, ते मावशींकडून कळतं आहे. जागा आम्ही दिली असं आम्हांला वाटत होतं. खजिनदाराच्या रथासारखंच झालं, मिळालं आम्हांलाच.

प्रिय वाचकांनो, मोठी गाडी म्हणजे मोठा विश्वास नव्हे. सातव्या आसनावर कधीच कोणी बसणार नसेल, तर पाच आसनांची घेऊन उरलेले पैसे गरजूला देणं अधिक बरं. तुमच्याकडे स्कूटर असेल, तर तिचीही मागची जागा रविवारी सकाळी रिकामी असते. गाडीच नसेल, तर चर्चमधल्या बाकावर आपल्या शेजारची जागा आहे. या आठवड्यात एक नाव आठवून पाहा: आपल्या मंडळीत बरेच दिवस कोण दिसलं नाही? त्यांना फोन करा, आणि तुम्ही नेमके किती वाजता येणार ते सांगा.

प्रार्थना: हे प्रभू, तू आमच्यासाठी पित्याच्या घरी जागा तयार करायला गेलास. आमच्या घरात, गाडीत आणि बाकावर इतरांसाठी जागा ठेवायला आम्हांला शिकव. जे ओझं होऊ नये म्हणून घरी राहतात, त्यांच्या दारापर्यंत आम्हांला ने. शेवटल्या जागी आनंदाने बसायची बुद्धी दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.